डॅशबोर्डची भेग आणि अडतीस हजार रुपये

तर झालं असं, की मागच्या उन्हाळ्यात एका शनिवारी फलटणला घरी गेलो आणि तात्यांच्या गाडीच्या डॅशबोर्डला पडलेली भेग बघून म्हणालो, "तात्या, आता ही गाडी विका."

खरं तर हे वाक्य मी गेली चार-पाच वर्षं म्हणतोय. दर वेळी कारण फक्त वेगळं असतं. एकदा एसी, एकदा क्लच, एकदा पाठीमागच्या दाराचा कुरकुर आवाज. ह्या वेळी भेग. काचेच्या खालून सुरू होऊन वीतभर लांब गेलेली, आणि आतला पिवळा फोम दिसणारी. वर मीटरला जी प्लास्टिकची टोपी असते, तिलाही एका कोपऱ्यात तडा गेलेला. म्हणजे पुराव्याला तोटा नाही.

तात्या म्हणाले, "गाडी चालते का भेगेवर?"

ह्यावर मी गप्प. सॉफ्टवेअरवाल्याला असे प्रश्न ऐकायची सवय नसते. आमच्याकडे युजर इंटरफेस खराब दिसला की आख्खं प्रॉडक्ट नव्यानं लिहायला घेतात :-)

गाडी २००६ चं मॉडेल. तात्यांनी ती २०११ मध्ये सेकंडहँड घेतली. पंधरा वर्षं झाली तेव्हा एकदा पुन्हा पासिंग झालं, पाच वर्षांसाठी. आता परत करायची वेळ आली. २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते १०,००० केलं. म्हणजे सरकार आणि मी एकाच बाजूला. तात्या एकटे दुसऱ्या बाजूला.

असो. तर पुण्यात परत आल्यावर मी सरळमार्गी माणसासारखा एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन केला. (कुठल्या ते विचारू नका, मुद्दा तो नाही.) मीटरवरची टोपी सुटी मिळते का? नाही मिळत. वरचं पॅड सुटं मिळतं का? नाही मिळत. मग काय मिळतं? आख्खा डॅशबोर्ड. अडतीस हजार, लेबर वेगळं, आणि पार्ट यायला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. ह्या गाडीला बाजारात कुणी साठ-पासष्ट हजारांच्या वर देणार नाही. वीतभर भेगेसाठी अर्ध्याहून जास्त गाडीची किंमत!

आणि इथं माझी बाजू बदलली. म्हणजे गाडी विकावी असं अजून वाटतच होतं. पण *ह्या* कारणासाठी विकावी लागणं काही पटेना. चार स्क्रूंवर बसलेला, तळहाताएवढा प्लास्टिकचा तुकडा मिळत नाही म्हणून हजार किलो लोखंड भंगारात?

आता जरा त्या भेगेकडे वळू, कारण ती वाटते त्याहून रंजक गोष्ट आहे.

डॅशबोर्डचा वरचा मऊ भाग म्हणजे एक सँडविच असतं. खाली कडक प्लास्टिकचा सांगाडा, मधे फोम, आणि वर पीव्हीसीची पातळ कातडी. पीव्हीसी म्हणजे तेच, ज्याचे शेतात पाइप टाकतात. मुळात कडक. ते मऊ व्हावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलासारखं द्रव्य मिसळतात. उन्हानं ते द्रव्य हळूहळू बाहेर पडतं. गाडीच्या काचेवर आतून जो तेलकट, पुसूनही न जाणारा थर बसतो ना, त्यात हेच द्रव्य असतं. म्हणजे तात्या दर रविवारी काच आतून पुसायचे तेव्हा डॅशबोर्डचंच आयुष्य फडक्यावर घेत होते! द्रव्य गेलं की कातडी आकसते, कडक होते, आणि मग एक दिवस टर्रकन फाटते.

त्यात प्रसरण. एबीएस प्लास्टिक तापलं की पोलादाच्या साधारण सहा ते आठपट फुगतं. डॅशबोर्ड सव्वा मीटर लांब धरा आणि पहाटेच्या आणि दुपारच्या तापमानात पन्नास अंशांचा फरक धरा. प्लास्टिक पाच मिलिमीटरच्या आसपास वाढायला बघतं, आणि त्याला धरून ठेवणारी मागची पोलादी पट्टी पाऊण मिलिमीटर. हा झगडा रोज. वर्षाला तीनशे पासष्ट वेळा. आपलीही कातडी फाटेल.

पन्नास अंश जास्त वाटतात? अमेरिकेत ॲरिझोनामधल्या टेंपी शहरात उन्हात लावलेल्या गाड्यांची मापं घेऊन २०१८ मध्ये एक अभ्यास छापून आला होता. तासाभरात डॅशबोर्ड सरासरी १५७ फॅरनहाइटला गेला, म्हणजे सुमारे ६९ सेल्सिअस. स्टिअरिंग ५३ ला. आता फलटण काही ॲरिझोना नाही, पण पर्जन्यछायेतलं गाव आहे, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि ढग शोधावा लागतो. ज्यांनी दुपारी दोन वाजता तिथल्या एसटी स्टँडबाहेर लावलेल्या गाडीचं स्टिअरिंग धरलंय त्यांना आकडे सांगायची गरज नाही.

ह्याचा सगळ्यात छान पुरावा आमच्या गाडीतच होता. डॅशबोर्डवर मधोमध गणपती चिकटवलेला आहे, गाडी घेतल्या दिवसापासून. दुरुस्तीसाठी तो मी दोऱ्यानं कापून अलगद काढला. (तात्या शेजारी उभं राहून "सावकाश, सावकाश" म्हणत होते, जणू विसर्जन चाललंय.) तर त्याच्या खाली नाण्याएवढा गोल, गडद राखाडी, नख रुतेल इतका मऊ! आणि त्याच्या बाजूला सगळं पांढुरकं आणि पापडासारखं. तेच प्लास्टिक, तीच गाडी, तीच वर्षं. फक्त एवढ्या जागेला ऊन लागलं नाही.

हे बघून मला एक हुशारी सुचली. म्हटलं, तात्या, गाडी उत्तरेकडे तोंड करून लावत जा, काचेतून ऊनच येणार नाही. तात्या भूगोलाचे मास्तर. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "अरे फलटण अठरा अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, नंतर जुलै संपेपर्यंत उलट उत्तरेकडनंच जातो. तोंड कुठंही कर, काय फरक पडतो?" हिवाळ्यात माझं म्हणणं बरोबर आहे बरं का! पण हिवाळ्यात डॅशबोर्ड फाटत नाही.

तर आता दुरुस्ती. पहिला प्रयत्न सपशेल फसला, तोही सांगतो.

मी घरातलं एपॉक्सी पुट्टी घेतलं, दोन वड्या मळल्या, भेगेत भरलं, बोट पाण्यात बुडवून गुळगुळीत केलं. झकास दिसत होतं. रविवारी रात्री पुण्याला आलो. पुढच्या शनिवारी बघतो तर पुट्टी जशीच्या तशी, टणक, आणि तिच्या दोन्ही कडांना नव्या दोन भेगा. एकाच्या दोन! दोष पुट्टीचा नव्हे. ती नळाला लावायची गोष्ट. जे रोज पाच मिलिमीटर हलतं त्यात न हलणारी गोष्ट भरली तर दुसरं काय होणार. शिवाय तात्या वर्षानुवर्षं डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश मारत आले आहेत. त्यात सिलिकॉन असतं, आणि सिलिकॉनवर काहीही चिकटत नाही. ना पुट्टी, ना रंग.

दुसऱ्या खेपेला सोपं काम आधी घेतलं, मीटरवरची टोपी. चार स्क्रू आणि दोन खटके, निघाली. उलटी केली तर आतल्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं, '>एबीएस<'. ही सगळ्यात उपयोगाची माहिती आणि ती फुकट असते. गाडीतल्या बहुतेक प्लास्टिकच्या मागं असा शिक्का असतो. एबीएस असेल तर ते ॲसिटोनमध्ये विरघळतं, म्हणजे त्याला त्याचाच लगदा लावून जोडता येतं. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, असेल तर ॲसिटोन त्याला काही करत नाही आणि कुठलाही झटपट गोंद त्यावर टिकत नाही. बादल्या त्याच्याच असतात. फुटकी बादली चिकटवायचा प्रयत्न केलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. पीपीला गरम करून सांधण्याशिवाय सहसा इलाज नसतो.

माझ्याकडे ऑफिसच्या भंगारातून आणलेला एक जुना कीबोर्ड होता. त्याच्याही पोटावर एबीएस लिहिलेलं. त्याच्या कळा उपटून बारीक तुकडे केले, काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये टाकले आणि झाकण लावून रात्रभर ठेवलं. सकाळी घट्ट पिठल्यासारखं काळं काहीतरी तयार. (ॲसिटोन रंगाच्या दुकानात मागा. नेलपॉलिश रिमूव्हरनं चालवून घेऊ नका, त्यात तेल आणि काय काय असतं. आणि हे सगळं अंगणात करा. वास तर येतोच, पण पेटही पटकन घेतं. आमच्याकडे देवघर आणि गॅस दोन्ही जवळ, म्हणून आईनं मला बाटलीसकट बाहेर काढलं होतं.)

तडा जिथं संपतो तिथं टोकाला दोन मिलिमीटरचं भोक पाडायचं. हे महत्त्वाचं. भेगेचं टोक सुईसारखं असतं, सगळा ताण तिथं गोळा होतो आणि भेग पुढं सरकते. गोल भोकाला टोकच नसतं. मग मागच्या बाजूनं तड्याच्या रेषेवर उतरती खाच करायची. त्यावर मी चहाच्या मोडक्या गाळणीची स्टीलची जाळी कापून ठेवली आणि सोल्डर गन टेकवून प्लास्टिकमध्ये रुतवली, स्लॅबमध्ये सळया घालतात तशी. वरून कीबोर्डचा लगदा. एक दिवस वाळू दिलं, पुढून पॉलिश पेपर मारला, आधी १८० नंबर, मग ४०० पाणी लावून. सांधा मोडायचा प्रयत्न करून बघितला, नाही मोडला. खर्च शंभराच्या आत. कीबोर्डमधली एंटरची कळ आता तात्यांच्या स्पीडोमीटरवर आहे, ह्याचा मला विनाकारण आनंद होतो.

मऊ पॅडचं काम मात्र तितकं सरळ गेलं नाही. आधी साबणाच्या पाण्यानं आणि मग आयसोप्रॉपिल अल्कोहोलनं पुसून पुसून ते पॉलिश काढलं. सात फडकी काळी झाली. जुनी पुट्टी उकरून काढली, भेगेच्या उचललेल्या कडा ब्लेडनं कापल्या, म्हणजे भेग आणखी रुंद केली. हे करताना हात थरथरतो. मग पेंटरकडे बंपरसाठी मिळते ती लवचीक पुट्टी, पातळ पातळ तीन थरांत. शेवटचा थर ओला असताना त्यावर मूळ डॅशबोर्डसारखी चामड्याची नक्षी उठवायची असते, नाहीतर तो भाग डागासारखा चमकतो. त्यासाठी चांगल्या भागावर सिलिकॉन सीलंटचा पातळ थर देऊन, वाळल्यावर सोलून, त्याचाच छाप वापरला. साठ टक्के जमलं म्हणा. आणि शेवटी रंग. राखाडी रंग एक नसतो, हे मला चाळिशी जवळ आल्यावर कळलं. गणपतीखालच्या राखाडीशी जुळवायचा, का बाकीच्या उन्हानं उडालेल्याशी? दोन्ही जमेना. सरतेशेवटी आख्ख्या पॅडलाच व्हिनाइलचा रंग मारला.

एकूण तीन वीकेंड. सामानाचे अठराशे रुपये.

हे सगळं ऑफिसमध्ये सांगितलं तर एक मित्र लगेच म्हणाला, "तुझा तासाचा रेट काय? गुणिले तीस तास. अडतीस हजार स्वस्त पडले असते."

हा हिशेब आपल्या पिढीत फार लाडका आहे आणि मला तो मुळातूनच खोटा वाटतो. शनिवारी सकाळी अकरा वाजता मला तासाचे पैसे कोण देणार होतं? कुणी नाही. मी झोपलो असतो किंवा मॉलमध्ये उलट पैसे घालवले असते. ज्या तासाला गिऱ्हाईक नाही त्याचा रेट लावायचा आणि त्या जोरावर हात न मळवणं हे कसं शहाणपणाचं ते सांगायचं. हाच मित्र शनिवारी दोन तास बॅडमिंटन खेळतो, तेव्हा नाही तो गुणाकार करत.

पण म्हणून "सगळं घरी करा, आपले आजोबा सगळं दुरुस्त करायचे" असल्या ढेकर देणाऱ्या लिखाणातही मला जायचं नाही. आजोबांच्या गाडीचा डॅशबोर्ड पत्र्याचा होता. (आणि आजोबांकडे गाडी नव्हती, सायकल होती.) माझी दुरुस्ती जवळून बघितली तर ओळखू येते. मला वाटतं पुढच्या दोन उन्हाळ्यांत ती कुठंतरी उकलेल, कारण बाकीच्या कातडीतलं उडून गेलेलं द्रव्य काही मी परत घातलेलं नाही.

दुसरी खेप सुरू करायच्या आधी मी गावातल्या एका कुशनवाल्यांकडे जाऊन आलो होतो. ते तात्यांचे विद्यार्थी निघाले. गाडीकडे एकदा बघून म्हणाले, "सरांची गाडी म्हणून सांगतो, पुट्टी कशाला घालताय? वरनं रेक्झिन चढवतो, साडेतीन हजार. धा वर्षं बघायला नको." मग दार उघडून उजव्या बाजूचं स्टिअरिंग, डाव्या बाजूचं खण, सगळं नीट बघितलं. म्हटलं काय बघताय? तर म्हणाले, "एअरबॅग न्हाई ना, ते बघतोय. असंल तर मी हात लावत न्हाई. मागं एक जण भांडून गेला माझ्याशी, पर न्हाई म्हंजे न्हाई."

मंडळी, ह्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते ह्या माणसाचं ठेवा.

२०१९ च्या जुलैपासून आपल्याकडे नव्या गाड्यांना चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, आणि २०२१ साल संपेपर्यंत शेजारच्या सीटसाठीही. ही दुसरी एअरबॅग डॅशबोर्डच्या पोटात असते. पुष्कळ गाड्यांत तिचं झाकण वेगळं दिसतसुद्धा नाही. कातडी एकसंध असते आणि मागच्या बाजूनं फक्त कमकुवत रेष कोरलेली असते, धडक झाली की तिथंच फाटावी म्हणून. हे सगळं साधारण तीस मिलिसेकंदांत घडतं, डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी. त्या रेषेवर तुम्ही पुट्टी भरलीत, रेक्झिन शिवलंत, जाडजूड मॅट चिकटवलीत, तर एकतर पिशवी वेळेवर आणि सरळ उघडणार नाही, नाहीतर तुमच्या पुट्टीचे तुकडे समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर जातील. तिथं भेग पडली तर अडतीस हजार द्या. किंवा पन्नास द्या. किंवा भेग तशीच ठेवून एखाद्या जाणकाराला दाखवा. पण ती बुजवू नका. आणि जत्रेतल्यासारखा देव्हारा तिथं मांडला असेल तर तोही हलवा. देव रागावणार नाही.

आता कुणी म्हणेल, बघ, कंपनीवाले तेच तर सांगतात, अडाण्यांच्या हातात पार्ट दिले तर सुरक्षेचं काय? हाच युक्तिवाद भारतीय स्पर्धा आयोगासमोर झाला होता. एका ग्राहकाच्या २०११ च्या तक्रारीवरून ते प्रकरण उभं राहिलं, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. मुद्दा हाच, की सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू दिली जात नाहीत. सुरक्षेचं कारण आयोगाला पटलं नाही. पुढं अपिलं झाली, काहींचा दंड २०१६ मध्ये कमीही झाला. जुलै २०२२ मध्ये केंद्रानं दुरुस्तीच्या हक्काचा विचार करायला समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्या जोडीला मोटारीही होत्या, आणि त्याच डिसेंबरात त्याचं पोर्टल सुरू झालं. चांगलंच आहे. पण पोर्टलवर फोन नंबर मिळतो. मीटरची टोपी नाही मिळत.

माझं म्हणणं इतकंच आहे, की सुरक्षेचा मुद्दा डॅशबोर्डच्या एक फूट बाय एक फूट भागाला शंभर टक्के लागू आहे आणि उरलेल्या चार फुटांना अजिबात नाही. त्या एका फुटाच्या आडून उरलेले चार फूट विकले जातात, तेही अखंड. टोपीला आणि एअरबॅगला एकच पार्ट नंबर दिला की टोपी फुटल्यावर एअरबॅगचे पैसे मागता येतात! आमच्या धंद्यात ह्याला वाईट मॉड्युलॅरिटी म्हणतात आणि कोड रिव्ह्यूत शिव्या घालतात. इथं त्याला असेंब्ली म्हणतात.

आणि हे लहान गावांना जास्त बोचतं. फलटणमध्ये बनवणारे हात नाहीत असं थोडंच आहे. १९६८ पासून तिथं निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, 'नारी' म्हणून ओळखतात ती. तिथल्या अनिल राजवंशींनी आणि मंडळींनी सुधारित पायडल रिक्षा, मोटरची मदत असलेली रिक्षा आणि पूर्ण विजेवरची रिक्षा अशा तिन्ही गोष्टी बांधून दाखवल्या आणि २००२ मध्ये त्यावर 'करंट सायन्स'मध्ये लेखही लिहिला. तेव्हा आपण इलेक्ट्रिक वाहन हा शब्दही वर्तमानपत्रात वाचत नव्हतो. अख्खी विजेची रिक्षा ज्या गावात उभी राहू शकते, तिथं चार स्क्रूंची टोपी अडते ती हातांमुळे नाही.

बरं, हे झालं कंपन्यांचं. पण एअरबॅगचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, वेगळ्याच कारणानं.

कुशनवाल्यांनी बघितलं आणि म्हणाले, एअरबॅग नाही, म्हणजे काम करायला हरकत नाही. बरोबर आहे. पण त्याच वाक्याचा दुसरा अर्थ असा, की शहात्तर वर्षांचा माणूस एअरबॅग नसलेल्या गाडीतून लोणंदपर्यंत आणि कधी कधी पुण्यापर्यंत येतो. पालखी फलटणला मुक्कामाला असते तेव्हा हीच गाडी दिवसभर तरडगाव-फलटण फेऱ्या मारते, दमलेल्या म्हाताऱ्यांना आणि पाण्याच्या कॅनना घेऊन. मी पाच वर्षं एसी, क्लच आणि भेग असली कारणं का शोधत होतो? "तात्या, तुम्ही आता हायवेवर गाडी चालवू नका, मला भीती वाटते," हे म्हणायची हिंमत नव्हती म्हणून. भेगेवर बोलणं सोपं. भेग दुरुस्त झाली आणि माझं कारण संपलं.

म्हणून रंग वाळत होता तेव्हा पायरीवर बसून शेवटी ते बोललो. तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे आधी म्हणायचंस. तीन आठवडे घासत बसलास ते."

पासिंग करायचं ठरलंय. दहा हजार मी भरणार. गाडी गावात आणि फार तर तरडगावपर्यंत, रात्री नाही. पुण्याला यायचं झालं तर एसटी, नाहीतर मी न्यायला येणार. ह्यातलं किती पाळलं जाईल ते सांगता येत नाही, कारण परवाच आई फोनवर म्हणाली की हे बारामतीला जाऊन आले. बारामती काही पुणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

गणपती तात्यांनी जुन्याच जागी बसवला. मी म्हटलं, चार बोटं डावीकडे घ्या, म्हणजे माझी नक्षी जिथं फसलीय तो भाग झाकला जाईल. ते काही ऐकेनात. उरलेल्या रंगाची बाटली मात्र टूलबॉक्समध्ये जपून ठेवलीय, वर तारीख घालून.